अमेरिकेत नवीन मतदार झालात? इथले पक्ष कसे चालतात आणि आपण त्यात कुठून शिरायचं

सिटिझनशिपची शपथ झाली त्या दिवशी हॉलच्या बाहेरच टेबल मांडून दोन बायका बसल्या होत्या, त्यांनी तिथल्या तिथे माझ्याकडून मतदार नोंदणीचा फॉर्म भरून घेतला. फॉर्मवर एक प्रश्न होता, पक्ष कोणता? मी "कुठलाच नाही" वर खूण केली, कारण आपल्या डोक्यात पक्ष म्हणजे कार्यकर्ता होणं, झेंडा धरणं, सभेला गाडीतून जाणं, आणि ते मला करायचं नव्हतं. मग नोव्हेंबरमध्ये पहिलं मत द्यायला मोठ्या हौसेने गेले, मुद्दाम साडी नेसून गेले, आणि बघते तर आमच्या टाउन काउन्सिलच्या जितक्या जागा तितकीच नावं. समोर कोणीच उभं नाही. बूथवर बसलेल्या आजींना विचारलं की बाकीचे उमेदवार कुठे आहेत, तर त्या म्हणाल्या, "ते सगळं जूनमध्येच झालं, तेव्हा चौघं होते."

ते वाक्य मी आजपर्यंत विसरले नाहीये. खरी निवड जूनमध्ये होऊन गेली होती, आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं की जूनमध्ये काही असतं. म्हणून हे लिहितेय, जे नवीन सिटिझन झालेत, होणार आहेत, किंवा ज्यांची मुलं इथे १८ची होतायत त्यांच्यासाठी. मी न्यू जर्सीत राहते, त्यामुळे उदाहरणं इथली जास्त येतील, पण नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात हे आत्ताच लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं तिथेच येऊन थांबतं.

सगळ्यात आधी एबी फॉर्म विसरा

आपल्याकडे तिकीट कोण देतं? पक्ष देतो. म्हणजे दिल्लीत किंवा मुंबईत चार माणसं बसून ठरवतात, शेवटच्या रात्री एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो यावर सगळा खेळ असतो, ज्याचं तिकीट कापलं जातं तो बंडखोरी करतो. इथे एबी फॉर्म नावाची गोष्टच नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष किंवा रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष (आणि ही नावं इथे जन्मलेल्या लोकांनाही बहुतेक वेळा माहीत नसतात) कोणाचं तिकीट कापू शकत नाही. पक्षाचा उमेदवार कोण हे पक्षाचे मतदार ठरवतात, सरकारने घेतलेल्या निवडणुकीत, तेच मशीन, तेच बूथ, त्याच आजी. त्या निवडणुकीला प्रायमरी म्हणतात.

आणि पक्षाचे मतदार म्हणजे कोण? पावती फाडलेले सदस्य नाहीत, वर्गणी नाही, ओळखपत्र नाही. फॉर्मवर खूण केली की झालात. पक्षाचा कोणी पदाधिकारी तुम्हाला सहसा नाकारू शकत नाही, काढूनही टाकू शकत नाही. मला हे समजायला दोन वर्षं लागली, कारण ते इतकं सोपं असेल यावर माझा विश्वासच बसेना.

दोनच पक्ष का?

इथल्या संविधानात राजकीय पक्षांचा उल्लेखच नाहीये, वॉशिंग्टन साहेबांनी तर १७९६ च्या निरोपाच्या पत्रात पक्षबाजीपासून सावध राहा असं सांगून ठेवलं होतं. तरी पक्ष झालेच. रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये उभा राहिला, १८६० ला त्यांचे लिंकन अध्यक्ष झाले, आणि तेव्हापासून हेच दोन. मधल्या काळात दोघांचे विचार, दोघांचे मतदार, दोघांचे बालेकिल्ले पार इकडचे तिकडे झाले, एकेकाळी दक्षिणेतली राज्यं पक्की डेमोक्रॅटिक होती, पण पाट्या दोनच राहिल्या.

कारण सरळ आहे. ज्याला जास्त मतं तो निवडून, बाकीच्यांना शून्य. आता म्हणाल हे तर आपल्याकडेही आहे मग आपल्याकडे एवढे पक्ष कसे, तर आपल्याकडे एखादा पक्ष एका राज्यात जोर धरला की त्याचे खासदार निवडून येतात आणि ते पंतप्रधान कोण होणार यात वजन टाकतात. इथे अध्यक्ष खासदारांच्या बेरजेने होत नाही. ५३८ इलेक्टर (अध्यक्ष निवडणारे राज्याराज्यांचे प्रतिनिधी) असतात, २७० लागतात, आणि मेन आणि नेब्रास्का सोडले तर प्रत्येक राज्यात पहिला येणारा त्या राज्याचे सगळे इलेक्टर घेऊन जातो. १९९२ ला रॉस पेरो नावाचे उद्योगपती अपक्ष उभे राहिले, देशभरात जवळजवळ १९ टक्के मतं पडली, इलेक्टर मिळाले शून्य. २००० ला फ्लोरिडात रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट गोर यांच्या ५३७ मतांनी पुढे राहिले आणि तिथेच ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडरना ९७ हजारांवर मतं पडली होती, ती नसती तर गोर जिंकले असते का, यावरून लोक अजून भांडतात. अशा दोन गोष्टी घडल्या की मतदार तिसऱ्याकडे जायला घाबरतो, आणि ज्याला काही करून दाखवायचंय तो तिसरा पक्ष काढण्यापेक्षा दोनातल्या एका पक्षात शिरून आतून लढतो.

हे शेवटचं वाक्य परत वाचा, कारण इथलं सगळं राजकारण त्यात आहे. आपल्याकडे जी भांडणं दहा पक्षांत होतात ती इथे दोन पक्षांच्या पोटात होतात, प्रायमरीत होतात.

पहिली पायरी: तुम्ही कोण आहात ते बघा

सिटिझन नसाल तर मतदार नोंदणी करायची नाही. ग्रीन कार्ड असलं तरी नाही. हे मी मुद्दाम आधी सांगतेय कारण लायसन्स काढायला गेलं की काउंटरवर किंवा स्क्रीनवर विचारतात, मतदार म्हणून नोंद करायची का, आणि आपली माणसं घाईत "हो, हो" म्हणत पुढे जातात. ओळखीतल्या एका काकांचं असंच झालं होतं, ग्रीन कार्डवर होते, घरी मतदार कार्डच आलं, त्यांना वाटलं सरकारने पाठवलंय म्हणजे बरोबरच असणार. सिटिझनशिपच्या एन-४०० फॉर्मवर स्पष्ट प्रश्न असतो की तुम्ही कधी मतदार म्हणून नोंद केली होती का, मत दिलं होतं का. काकांनी मत दिलं नव्हतं म्हणून थोडक्यात निभावलं, तरी वकील करावा लागला आणि वर्षभर झोप नव्हती. त्यामुळे त्या प्रश्नाला "नाही" म्हणा, आणि घरी असं काही आलंच तर फेकू नका, वापरू नका, लगेच इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा.

पैशांचंही तसंच. उमेदवाराला देणगी सिटिझन आणि ग्रीन कार्डवाले देऊ शकतात, एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) असाल तर एक डॉलरही देता येत नाही, आणि दुसऱ्याच्या नावाने देणं तर कोणालाच चालत नाही. पण बिनपगारी मदत करायला एच-वनवाल्यांनाही मनाई नाही. फोन करा, पाकिटं भरा, कोणाबरोबर दारोदार फिरा. मला विचाराल तर हे पक्ष कसे चालतात ते शिकायची ती सगळ्यात चांगली शाळा आहे.

दुसरी पायरी: पक्षाचा चौकोन, आणि तारीख

इथेच माझ्यासारखे बरेच जण चुकतात. प्रत्येक राज्याची पद्धत वेगळी, मी ओळखीच्या राज्यांचं सांगते.

न्यूयॉर्कमध्ये प्रायमरी बंद असते, म्हणजे ज्या पक्षात तुमची नोंद त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत, नोंद नसेल तर घरी बसा. आणि नोंद बदलायची तर १४ फेब्रुवारीच्या आत, जूनच्या प्रायमरीसाठी! २०२५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क शहराच्या मेयरची डेमोक्रॅटिक प्रायमरी केवढी गाजली, झोहरान ममदानींनी माजी गव्हर्नर (गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) अँड्र्यू कुओमोंना हरवलं, पण एप्रिल-मे मध्ये ज्यांना जाग आली आणि ज्यांची मतदार नोंद दुसऱ्या पक्षात किंवा "कुठलाच पक्ष नाही" अशी होती त्यांना, इकडचं मत द्यायचं असो की तिकडचं, काहीच करता आलं नाही.

आमच्या न्यू जर्सीत अर्धं उघडं अर्धं बंद आहे. कुठेच नोंद नसेल तर प्रायमरीच्या दिवशी बूथवर जाऊन "मला या पक्षाची मतपत्रिका द्या" म्हणता येतं, आणि मत दिलं की तुमची नोंद त्या पक्षात होते. पण आधीच एका पक्षात असाल आणि दुसरीकडे जायचं असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी फॉर्म द्यावा लागतो. नवी मतदार नोंदणी २१ दिवस आधी.

टेक्सास, मिशिगन, व्हर्जिनिया इथे पक्षाची नोंदच नसते, प्रायमरीच्या दिवशी ठरवायचं कुठली मतपत्रिका हवी. फक्त दोन्हीकडे हात घालता येत नाही, मिशिगनमध्ये एकाच कागदावर दोन्ही पक्षांचे रकाने असतात आणि दोन्हीकडे खुणा केल्या की ती मतं बाद. टेक्सासमध्ये कोणाला निम्म्यावर मतं नसली तर पहिल्या दोघांत रनऑफ होतो, म्हणजे परत एकदा जायचं. कॅलिफोर्निया तर अजून वेगळं, तिथे २०१० मध्ये लोकांनीच मतदान करून नियम बदलला, सगळे उमेदवार एकाच यादीत आणि पहिले दोन नोव्हेंबरला समोरासमोर, मग ते दोघं एकाच पक्षाचे असले तरी चालतात. (अध्यक्षपदाला मात्र तिथेही पक्षाप्रमाणेच.)

मग चौकोनात लिहायचं काय? माझं मत विचाराल तर तुम्ही जिथे राहता तिथे नोव्हेंबरला कोण हमखास जिंकतं ते बघा. तुमच्या गावात एकाच पक्षाचे लोक वर्षानुवर्षं निवडून येत असतील तर निर्णय त्या पक्षाच्या प्रायमरीत होतोय, आणि तिथे नसाल तर तुमच्या गावाच्या शाळेपासून रस्त्यापर्यंत कोणी काय करायचं ते दुसरे लोक ठरवतायत. काहींना हे पटत नाही, ते म्हणतात ज्याचे विचार पटतात तिथेच नोंद असावी, आणि तेही खरंच आहे, पण मग प्रायमरी चुकवू नका एवढंच. नोव्हेंबरमध्ये कोणालाही मत द्यायला तुम्ही मोकळे असताच, ती नोंद तिथे आड येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते नाहीतर दचकाल. तुमची नोंद कुठल्या पक्षात आहे आणि तुम्ही कुठल्या निवडणुकीला मत द्यायला गेला होता हे दोन्ही सरकारी यादीत असतं आणि पक्षांना मिळतं. मत कोणाला दिलं ते कोणालाच कळत नाही. दारावर कार्यकर्ते येतात त्यांच्या फोनमध्ये हीच यादी असते, नाव, वय, पक्ष, आणि पुढे मागच्या निवडणुका. जो दर प्रायमरीला जातो त्याच्या दाराची बेल चार वेळा वाजते. जो जात नाही त्याच्या दारावरून पुढे जातात, कारण संध्याकाळचे दोन तास आणि ६० घरं असतात. आमच्या गल्लीत देसी घरांवरून माणसं न थांबता पुढे जायची आणि आपल्याला वाटायचं हे लोक आपल्याला मोजत नाहीत. ते मोजतच होते, यादीतून.

तिसरी पायरी: प्रायमरीला जा

यात फार समजावण्यासारखं नाही, जायचं. पण किती कमी लोक जातात आणि त्यामुळे एकेका मताला काय वजन येतं ते बघा. २०१४ मध्ये एरिक कँटर हे संसदेच्या खालच्या सभागृहातले रिपब्लिकन पक्षाचे दोन नंबरचे नेते, पुढचे स्पीकर म्हणून लोक बघत होते, ते व्हर्जिनियातल्या प्रायमरीत डेव्ह ब्रॅट नावाच्या कॉलेजच्या प्राध्यापकाकडून हरले. २०१८ ला न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅट्सचे बडे नेते जो क्राउली यांना अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्टेझने हरवलं, आणि त्या प्रायमरीत एकूण मतं पडली ३० हजारांच्या आसपास. लाखोंच्या मतदारसंघात!

आपल्या माणसाचं उदाहरण घ्या. श्री ठाणेदार, बेळगावचे, १९७९ ला इथे शिकायला आले, रसायनशास्त्रज्ञ. २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, स्वतःचे भरपूर पैसे घातले आणि तिसरे आले. आपल्याकडे असा माणूस पक्षाकडे तिकीट मागत फिरला असता. ते डेट्रॉइटमधून आधी राज्याच्या विधानसभेत गेले, मग २०२२ ला काँग्रेससाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, उभे राहिले. प्रायमरीत नऊ उमेदवार, मतं विभागली, ठाणेदारांना २८ टक्के पडली आणि तेवढ्यावर ते जिंकले. नोव्हेंबर तिथे सोपाच होता कारण डेट्रॉइट पक्कं डेमोक्रॅटिक. ते तुम्हाला आवडोत न आवडोत, मराठी बोलणारा एक माणूस वॉशिंग्टनला पोचला तो ऑगस्टमधल्या एका मंगळवारी पोचला, नोव्हेंबरमध्ये नाही.

निवडून आल्यावर पक्ष काय करतो

आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे, व्हिप मोडला की आमदारकी जाते, आणि २०२२ नंतर महाराष्ट्रात मूळ पक्ष कोणाचा, धनुष्यबाण कोणाचा यावर आयोग आणि सुप्रीम कोर्टापर्यंत काय काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं. इथे व्हिप म्हणजे पक्षाचा एक नेता असतो, पण तो विनवण्या करतो, डोळे वटारतो, कमिटीवरची चांगली जागा देतो किंवा काढतो. पद काढू शकत नाही. २०१७ च्या जुलैमध्ये मध्यरात्री रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅककेन सेनेटमध्ये (संसदेच्या वरच्या सभागृहात) उठले आणि हाताने खूण करून स्वतःच्याच पक्षाचं आरोग्य विम्याचं बिल पाडलं, ४९ विरुद्ध ५१. त्यांची सीट कुठे गेली नाही.

पण शिस्त लागत नाही असं नाही, ती दुसरीकडून लागते. लिझ चेनी रिपब्लिकन पक्षाच्या मोठ्या नेत्या, ट्रम्प यांच्या विरोधात गेल्या, आधी सभागृहातलं पक्षाचं पद गेलं आणि मग २०२२ च्या ऑगस्टमध्ये वायोमिंगच्या प्रायमरीत मतदारांनीच त्यांना घरी पाठवलं. इथल्या खासदाराला पक्षाध्यक्षाची भीती नसते, प्रायमरीची असते. तुम्ही खासदाराच्या ऑफिसला फोन केलात आणि तुम्ही त्याच्या पक्षाचे नियमित प्रायमरी मतदार असलात तर तुमचा शब्द जड असतो, एवढं लक्षात ठेवा.

बाकी सभागृहात बहुमत कोणाचं याला फार किंमत आहे, कारण ४३५ मधले २१८ ज्यांच्याकडे त्यांचा स्पीकर, त्यांचेच सगळ्या कमिट्यांचे अध्यक्ष, आणि कुठलं बिल मतदानाला येणार ते तेच ठरवतात.

चौथी पायरी: गल्लीतला पक्ष

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. पक्षाचं खरं घर काउंटी कमिटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी). न्यू जर्सीत प्रत्येक छोट्या इलेक्शन डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे आपल्या साधारण एका बूथच्या वस्तीतून, दोन्ही पक्षांचे दोन-दोन कमिटी मेंबर निवडून येतात, त्याच जूनच्या मतपत्रिकेवर, अगदी शेवटी. पुष्कळ ठिकाणी या जागा रिकाम्या असतात. कोणी फॉर्मच भरत नाही.

आणि या लोकांच्या हातात काय असतं बघा. काउंटीचा पक्षाध्यक्ष हे निवडतात. राज्याच्या विधानसभेतला कोणी मध्येच राजीनामा देऊन गेला किंवा वारला तर त्याच्या जागी तात्पुरता कोण बसणार ते त्या भागातले त्या पक्षाचे कमिटी मेंबर मत देऊन ठरवतात. टाउन काउन्सिलमधली जागा रिकामी झाली की त्या पक्षाची गावची कमिटी तीन नावं पाठवते आणि काउन्सिल त्यातलं एक घेते. मी अशा एका मीटिंगला बसले आहे. लायब्ररीच्या तळघरातली खोली, घडीच्या खुर्च्या, एका डब्यात डोनट्स, एकूण १९ माणसं, चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यात टाकल्या. तिसऱ्या नावाला दोन मतं जास्त पडली आणि तीच बाई पुढे काउन्सिलवर गेली. आमच्या गावात हजारो देसी घरं आहेत, त्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

उमेदवार ओक ट्री रोडच्या (इथल्या देसी दुकानांच्या रस्त्याच्या) परेडला येतात, गणपतीला मंडळात येतात, फेटा बांधून घेतात, फोटो काढतात, आपण खूश होतो. खूश व्हायला हरकत नाही. पण निर्णय त्या तळघरात झालेला असतो.

या कमिट्यांचा गैरवापरही भरपूर झाला हे सांगायलाच हवं. आमच्याकडे "लाईन" नावाचा प्रकार होता, काउंटीच्या पक्षाने ज्यांना पाठिंबा दिला त्यांची सगळी नावं वरपासून खालपर्यंत एका सरळ रांगेत छापायची आणि बाकीच्यांना कुठेतरी कडेच्या रकान्यात टाकायचं, त्या कडेला लोक "बॅलट सायबेरिया" म्हणायचे. २१ पैकी १९ काउंट्यांत हे चालायचं. म्हणजे एबी फॉर्म नसला तरी मागच्या दाराने काहीतरी तसंच आणलं होतं. २०२४ ला सेनेटसाठी उभे असलेले अँडी किम कोर्टात गेले, मार्चमध्ये फेडरल जजने डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाईन थांबवली, आणि २०२५ मध्ये राज्याने कायदाच केला. आता पदाप्रमाणे नावं एकत्र छापतात, त्यामुळे नवीन माणसाला निदान समोरासमोर उभं राहता येतं.

तर करायचं काय, तुमच्या काउंटी क्लर्कच्या साइटवर जाऊन आधी तुमचा वॉर्ड आणि डिस्ट्रिक्ट नंबर बघा, सॅम्पल बॅलट (नमुना मतपत्रिका) पोस्टाने येतो त्यावरही असतो. तो सॅम्पल बॅलट खालून वर वाचा, वरची मोठी नावं टीव्हीवर दिसतातच. मग तुमच्या पक्षाच्या गावच्या अध्यक्षाला ईमेल करा की आमच्या डिस्ट्रिक्टची जागा रिकामी आहे का. रिकामी असेल तर बहुतेक वेळा तेच खूश होऊन बोलावतात. भरलेली असेल आणि तुम्हाला लढायचं असेल तर मार्चमध्ये पेटिशन (मतदारांच्या सह्यांचा उमेदवारी अर्ज) भरायचं, टाउनच्या क्लर्ककडे कागद मिळतो, मोजक्याच सह्या लागतात, आणि त्या तुमच्याच डिस्ट्रिक्टमधल्या मतदारांच्या हव्यात, दुसऱ्या पक्षात नोंद असलेल्याची सही बाद होते. सही मतदार यादीत आहे तशीच करायला सांगा, आमच्या एका मैत्रिणीच्या चार सह्या नुसत्या आडनावामुळे गेल्या, लग्नाआधीचं यादीत आणि लग्नानंतरचं कागदावर. म्हणून लागतात त्याच्या दुप्पट घ्या, आणि शेवटच्या दिवशी नाही, दोन दिवस आधी नेऊन द्या, म्हणजे काही राहिलं असेल तर परत चार दारं फिरायला एक संध्याकाळ हातात राहते.